पहाटेपासून राबणाऱ्यांची कुरकुर

प्रिय मित्रास,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र सावकाश वाचले. इतकी वर्षे बालकांचा वर्ग तू सांभाळलास आणि उपासनेला सर्वांआधी येऊन सर्वांनंतर घरी गेलास. तरुणसंघाची जबाबदारी मात्र अलीकडेच चर्चच्या मंडळीत आलेल्या मुलाकडे गेली. त्यातच नोकरीसाठी चाललेल्या प्रार्थनेला अजून उत्तर नाही, आणि "देवाने माझ्यासाठी निदान एवढे तरी करायला हवे होते," असे तू लिहिले आहेस. तुझ्या दुखण्याचे मूळ मला या वाक्यात दिसते, म्हणून बाकीच्या तक्रारींकडे नंतर वळतो.

ख्रिस्ती माणसाच्या मनात हक्काची भावना शिरते ती बहुधा पापाच्या वाटेने नव्हे, सेवेच्या वाटेने. तारण नुकतेच लाभलेले असते तेव्हा आपले देवाकडे काही येणे आहे, हा विचार कोणाला शिवतही नाही. पुढे पहाटेच्या प्रार्थना होतात, उपवास होतात, दशांश दिला जातो, आजाऱ्यांच्या भेटी घेतल्या जातात, आणि नकळत मनातल्या वहीत जमेची बाजू भरू लागते. ही वही उघडी ठेवून आपण प्रार्थनेला बसलो, तर ओठांवर विनंती असली तरी आत मागणीपत्र तयार असते. आशीर्वाद 'क्लेम' करायला, म्हणजे हक्काने मागायला शिकवणाऱ्या उपदेशांनी या सवयीला अलीकडे बरेच खतपाणी घातले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उधळा पुत्र परतल्यावर बापाने केलेल्या स्वागतावर रुसलेल्या थोरल्या भावाची गोष्ट तू इतक्यांदा ऐकली आहेस की ती पुन्हा सांगत नाही. त्याऐवजी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढ, पण वाचायला सुरुवात एकोणिसाव्याच्या सत्ताविसाव्या वचनापासून कर. तिथे पेत्र हा शिष्य प्रभूला विचारतो की आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार? प्रभू त्याच्यावर रागावत नाही. बारा राजासनांचे आणि शंभरपटीचे वचन देतो. म्हणजे प्रतिफळाची आशा धरणे हे पाप नव्हे. मात्र लगेच तो द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला सांगतो, आणि तो दाखला पेत्राच्या प्रश्नाशी जोडूनच वाचला पाहिजे.

त्या दाखल्यात पहाटे लागलेल्या मजुरांशी एक दिनार ठरला होता, जी त्या काळी दिवसाची रास्त मजुरी होती. संध्याकाळी अगदी शेवटी लागलेल्यांनाही धन्याने तेवढाच दिला. धन्याने शेवटी आलेल्यांना आधी पैसे द्यायला सांगितले नसते, तर पहाटेचे मजूर आपला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि कुरकुर झालीच नसती. त्यांच्या हातातले नाणे जराही कमी झाले नव्हते. दुसऱ्याच्या तळहातावर तेच नाणे दिसले आणि ते हलके वाटू लागले. आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. दिवसभराच्या उन्हाची तक्रार करणाऱ्यांना आज घरात अन्न शिजेल हे पहाटेच कळले होते. बाजारात दिवस मावळत येईपर्यंत उभे राहिलेल्यांना मात्र तोवर कोणी कामावर लावले नव्हते, आणि संध्याकाळी घरी काय सांगायचे हा घोर त्यांनी दिवसभर वाहिला होता. तू ज्या मुलाबद्दल लिहिले आहेस तो मंडळीत येण्याआधी कुठे आणि किती काळ उभा होता, हे तुला ठाऊक आहे का?

तरीही तुझ्यावर अन्याय झालाच नसेल, असे मी म्हणत नाही. मंडळीतही माणसेच निर्णय घेतात, आणि आपला अधिकार सोडून देण्याची शिकवण वडीलधाऱ्यांनी तरुणांना गप्प बसवण्यासाठी वापरलेली मी पाहिली आहे. ते मला मुळीच मान्य नाही. सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर उपजीविका करण्याचा अधिकार आहे, हे प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आधी ठासून सांगितले आणि मग स्वतःहून तो अधिकार वापरला नाही. फिलिप्पैत चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी त्याला गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनीच येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने बजावले. माणसांपुढे न्याय मागणे वेगळे आणि देवाला आपला देणेकरी समजणे वेगळे. तुझ्या पत्रात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

या दोहोंची नीट विभागणी मला मफीबोशेथमध्ये दिसते. इस्राएलाचा पहिला राजा शौल याचा हा नातू, योनाथानाचा मुलगा, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी लंगडा झाला होता. जुन्या राजघराण्यातला म्हणून ज्याच्या जिवाला धोका असायचा, त्याला शौलानंतरच्या राजा दावीदाने आपला जिवलग मित्र योनाथान याच्यासाठी शोधून आणले, आजोबांची जमीन परत दिली आणि आपल्या पंक्तीला बसवले. पुढे आपला मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद पळाला, तेव्हा सीबा या चाकराने मफीबोशेथाविषयी चहाडी करून सगळी जमीन पदरात पाडून घेतली. राजा परतला तेव्हा मफीबोशेथ भेटायला आला तो पायांची निगा न राखलेला, दाढी वाढलेला, राजा गेल्या दिवसापासून न धुतलेल्या कपड्यांतला. चाकराने मला फसवले, हे त्याने राजाला स्पष्ट सांगितले. पण त्याच दमात त्याने असेही म्हटले की माझे सगळे घराणे मरणास पात्र असता आपण मला पंक्तीला बसवले, तेव्हा आणखी गाऱ्हाणे करायचा मला काय अधिकार? दावीदाने जमीन दोघांत वाटून देण्याचा निवाडा केला, जो मला तरी पुरेसा न्याय्य वाटत नाही. त्यावर मफीबोशेथ म्हणाला की सगळीच त्याला घेऊ द्या, माझे स्वामीराज सुखरूप परत आले आहेत. त्याने खरे ते एकदा सांगितले, नंतर ते उगाळत बसला नाही. त्याला राजा हवा होता, आणि राजा आला होता.

तेव्हा पाळकांना भेट. संघाबाहेर कोणापाशी काही बोलण्याआधी त्यांच्याशी बोल, तुला काय वाटले ते आडपडदा न ठेवता सांग आणि त्यांचे म्हणणे ऐकून घे. त्यांनी निर्णय बदलला नाही, तर त्या मुलासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर आणि त्याच्या पहिल्या सभेची तयारी करायला जा. सुरुवातीला प्रार्थना कोरडी वाटेल, म्हणून ती थांबवू नकोस.

नोकरीच्या बाबतीत देवापुढे शहाण्यासारखे मोजून बोलायची गरज नाही. स्तोत्रकर्त्या आसाफाने त्र्याहत्तराव्या स्तोत्रात आपले मन शुद्ध राखणे व्यर्थच गेले, असे सरळ म्हटले आहे आणि ते शास्त्रात राहिले आहे. लेकरू बापापाशी रडते, हट्टही करते. आपण केलेल्या कामाचे बिल मात्र ते पुढे करत नाही. जे मागायचे ते मोकळेपणाने माग, फक्त त्या मागणीखाली बालकांच्या वर्गाची वर्षे आधार म्हणून ठेवू नकोस. तिथे ख्रिस्ताचे नाव आधीच आहे.

पुढच्या महिन्यापासून तो वर्ग सोडण्याचा तुझा विचार आहे, त्याविषयी एवढेच सांगतो. एलीया संदेष्ट्यानेही देवापुढे आपल्या आवेशाचा हिशेब मांडला होता आणि आपण एकटेच उरलो, असे म्हटले होते. पण त्याआधी देवदूताने त्याला भाकर आणि पाणी देऊन खाऊ घातले, दोनदा, आणि मध्ये झोपू दिले. तू खरोखर थकला असशील तर काही काळ विश्रांती घे, त्यात कमीपणा नाही, आणि तसे पाळकांना आधी कळव म्हणजे मुलांची आबाळ होणार नाही. पण माझ्यावाचून यांचे कसे अडते ते कळू दे, या विचाराने सोडणार असशील, तर पाळकांशी बोलणे होईपर्यंत थांब. भेट झाल्यावर काय ठरले ते मला लिही.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडीलधारा मित्र