आमटी फिकी लागते, दोष वजनाचा का?

प्रश्न: ताई, मी 22 वर्षांची, इंदूरला एमबीए करतेय. हॉस्टेलला आल्यापासून वजन बरंच वाढलंय, आणि आता घरी देवासला गेले की आईच्या हातची आमटीपण फिकी लागते, पोह्यांवर दोनदा जीरावन मसाला भुरभुरल्याशिवाय मजाच येत नाही. रूममेट म्हणते वजन वाढलं की जीभ बोथट होते. खरंय का?

उत्तर: अगं, रूममेट अगदीच हवेत बोलत नाहीये. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी उंदरांना 8 आठवडे भरपूर फॅटवालं खाणं घातलं, तर लठ्ठ झालेल्या उंदरांचे टेस्ट बड्स, म्हणजे जिभेवरचे चव ओळखणारे पेशींचे पुंजके, साधारण 25 टक्के कमी भरले. गंमत पुढे आहे, ज्या उंदरांच्या अंगात सूज वाढवणारं टीएनएफ-अल्फा नावाचं प्रथिन बनतच नव्हतं ते जाड झाले तरी त्यांचे बड्स शाबूत राहिले, म्हणजे भानगड नुसत्या किलोंची नाही, लठ्ठपणामुळे अंगात जी बारीक सूज टिकून राहते तिची आहे. बड्समधल्या पेशी साधारण 10 दिवसांत मरतात, जागी नव्या येतात, तिथेच ही सूज खोडा घालते.

पण हे झालं उंदरांचं. तरुण मुलामुलींवरचे अभ्यास एकमेकांशी जुळतच नाहीत, कुठे जाड्यांना चव कमी कळली, कुठे काही फरक नाही, कुठे उलटंच. मोजायच्या पद्धतीही वेगळ्या ना, कोणी बघतं पाण्यात किती कमी साखर ओळखता येते, कोणी विचारतं गोड किती जोरात लागतंय. आणि उलट्या बाजूनेही गाडी चालते. आपला गुडमारचा पाला चावला की थोडा वेळ साखर मातीसारखी लागते, तर त्याच गुडमारने लोकांची गोडाची चव मंद करून बघितलं, त्यांनी जास्त गोड मागितलं. चव कमी, म्हणून खाणं जास्त, असंही होतं.

तुझ्या बाबतीत मला सवयीचाच संशय जास्त येतो. वयाप्रमाणे आईची चव तुझ्यापेक्षा कमी व्हायला हवी, आणि तिला तर आमटी बरोबर लागते! मेसचं तिखटमीठ, शेव, रात्री सराफा बाजारातलं चटपटीत खाणं, यावर जीभ सेट झालीय. मीठ हळूहळू कमी केलं तर दोन-तीन महिन्यांत कमी मिठाचंच बरं वाटायला लागतं, हे बऱ्याच वर्षांपूर्वी तपासून झालंय. तेव्हा आधी ते वरून भुरभुरणं निम्मं कर, एकदम बंद नको, टिकणार नाही.

आणि एक करून बघ, नाक दाबून बडीशेप चाव, नुसतं गोडसर लागेल, मग नाक सोड, बडीशेपेचा वास भपकन यायला हवा. नाही आला तर घोळ जिभेचा नाही, नाकाचा आहे, ईएनटीवाल्यांना दाखव. चव अचानक गेली असेल किंवा नवीन गोळी सुरू झाल्यावर गेली असेल तरी डॉक्टरांकडे जा, वजनावर ढकलून बसू नको.