मुलाच्या बास्केटबॉलसाठी अमेरिकेत यायचं का? इंडियानातल्या एका बापाचं लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. यजमानांची बदली पुण्याहून कोलंबस, इंडियानाला होतेय, मुलगा चौदाचा, आत्ताच सहा फुटांच्या वर गेलाय, डेक्कन जिमखान्यावर खेळतो, कोच म्हणतात पोरात दम आहे. आणि तुम्ही विचारलंय की तिकडे हायस्कूल, मग कॉलेज, आणि कॉलेजात चमकला तर एनबीए (इथली सगळ्यात मोठी प्रो लीग) नाही तरी प्रो करिअर होतंच ना, मग केवळ त्याच्यासाठी हो म्हणावं का. व्हिसाचे फॉर्म, इन्शुरन्स, गाडीचं लायसन्स हे सगळं सरकारी साइटवर आणि एचआरकडे मिळेल, त्यात मी शिरत नाही.

आम्ही कोथरूडचे. मुलगा आठवीत असताना आलो, आणि त्याच्या हातात पण बॉलच होता. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाहीच.

आधी बास्केटबॉलचं सांगतो. तुम्ही येताय त्या कोलंबसपासून तासाभरावर बेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथला डेमन बेली. आठवीत होता तेव्हाच इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच बॉबी नाइट त्याचा खेळ बघायला गेले होते. 1990 ची हायस्कूलची स्टेट फायनल इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये झाली, ती बघायला 41,046 लोक होते. शाळेची मॅच हो! शेवटचे अकराच्या अकरा पॉइंट एकट्या बेलीने काढून शाळेला जिंकून दिलं. मग चार वर्षं इंडियाना युनिव्हर्सिटी, सगळं राज्य त्याच्या नावाने वेडं. 1994 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या राउंडला 44 व्या नंबरवर घरच्याच पेसर्सने, इंडियानाच्या एनबीए टीमने घेतला. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि एनबीएच्या रेग्युलर सीझनची एकही मॅच तो खेळला नाही. नंतर फोर्ट वेनला खालच्या लीगमध्ये खेळला. इथले पन्नाशीतले लोक अजून त्याचं नाव काढलं की हातातलं काम सोडून बोलायला लागतात. माणसाचं आयुष्य काही वाया गेलं नाही, गावातच राहून धंदा केला, कोचिंग केलं. पण तुमच्या डोक्यात जी शिडी आहे ना, शाळा-कॉलेज-प्रो, तिची शेवटची पायरी त्याच्यासारख्याला पण मिळाली नाही.

आता हिशोब बघा. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेच्या वर कॉलेजं, प्रत्येकाकडे तेरा-पंधरा पोरं. एनबीएच्या टीम 30, ड्राफ्टमध्ये वर्षाला साठच्या आसपास नावं, त्यातली काही युरोप-ऑस्ट्रेलियातून येतात. कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था एनसीएए, तिचा स्वतःचाच अंदाज आहे की ड्राफ्टला पात्र कॉलेज खेळाडूंपैकी शंभरात जेमतेम एक निवडला जातो. आणि निवडला गेला म्हणजे टिकला असं नाहीच.

तुम्ही म्हणाल हे सगळ्यांचं झालं, मी स्टारचं विचारतेय. बरं, स्टारचंच घ्या. जिमर फ्रेडेट, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, 2011 मध्ये अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, मॅचला सरासरी 28.9 पॉइंट, सगळे मोठे पुरस्कार त्यालाच, ड्राफ्टमध्ये दहावा. एनबीएत बेंचवर बसून एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये फिरत राहिला. अ‍ॅडम मॉरिसन, गोंझागा, 2006 मध्ये ड्राफ्टमध्ये तिसरा, पुढच्याच वर्षी गुडघा गेला, लेकर्सबरोबर दोन चॅम्पियनशिप अंगठ्या मिळाल्या पण मैदानावर फारसा नव्हताच. एड ओबॅनन, यूसीएलएला 1995 चं विजेतेपद मिळवून देणारा, एनबीएत दोन सीझन, मग परदेशात देश बदलत खेळला आणि शेवटी लास वेगासजवळ गाड्यांच्या डीलरशिपमध्ये सेल्समध्ये लागला. एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला, त्याचा त्याला एक पैसा मिळाला नव्हता, म्हणून 2009 मध्ये त्याने एनसीएएवर केस केली. आज कॉलेजच्या पोरांना पैसे मिळतात त्याची सुरुवात तिथली. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

असं का होतं हे माझ्या मुलाच्या एका कोचने मला समजावून सांगितलं होतं. कॉलेजात तीन पॉइंटची रेष 22 फूट पावणेदोन इंचावर, एनबीएत 23 फूट 9 इंच. शॉट घ्यायला कॉलेजात 30 सेकंद, तिकडे 24. कॉलेजात सीझनला तीस ते चाळीस मॅचेस, तिकडे 82. कॉलेजात उंच सेंटर बास्केटखाली ठाण मांडून डिफेन्स करू शकतो, एनबीएत कोणाला जवळून गार्ड करत नसेल तर तीन सेकंदांत तिथून बाहेर पडावं लागतं, मग तो बाहेर येतो आणि छोटे चपळ गार्ड त्याला चकवून जातात. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॉलेजात सगळी टीम एका स्टारभोवती रचलेली असते, बॉल कायम त्याच्याच हातात. एनबीएत तसे स्टार तीस-चाळीस, बाकीच्यांना एकच काम नेमून दिलेलं असतं. कोपऱ्यात उभं राहून शॉट मार, नाहीतर समोरच्या स्टारला अडव. ज्याला आयुष्यभर बॉल हातात घेऊन खेळायची सवय त्याला ते जमत नाही. जेजे रेडिकला जमलं. ड्यूकचा एवढा मोठा हिरो, 2006 ला ऑर्लँडोत गेला, पहिली दोन वर्षं बहुतेक बेंचवरच काढली, डिफेन्स शिकला आणि मग 15 सीझन खेळला, 2024 पासून लेकर्सचा कोच आहे. जेलन ब्रन्सन 2018 चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू असून 33 वा निवडला गेला आणि आज न्यूयॉर्क त्याच्या नावावर चालतंय. म्हणजे होतं. पण आधीच कोणी सांगू शकत नाही, ज्यांची ते ओळखण्याचीच नोकरी आहे त्यांचे पण अंदाज चुकतात.

ऑस्कर शिब्वेचं मुद्दाम सांगतो कारण तुमच्या मुलाशी त्याचा थेट संबंध आहे. मूळचा काँगोचा, केंटकी युनिव्हर्सिटी, 2022 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, मॅचला सरासरी पंधरा रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्याचं नावच आलं नाही. पेसर्सने टू-वे करारावर घेतला, म्हणजे बराचसा वेळ खालच्या जी लीगमध्ये. त्या हिवाळ्यात इंडियानापोलिसला गेनब्रिज फील्डहाउसमध्ये मॅड अँट्सची, म्हणजे पेसर्सच्या जी लीगमधल्या टीमची मॅच बघायला आम्ही गेलो होतो. पेसर्सच्या मॅचला जिथे बसायला जागा मिळत नाही तिथे वरचे मजले अंधारात, खाली थोडीशी माणसं, शूजचा आवाज आमच्या सीटपर्यंत ऐकू येत होता. आणि हा माणूस प्रत्येक बॉलवर असा तुटून पडत होता की जणू केंटकीचं ते वीस हजारांचं स्टेडियम भरलेलंच आहे. चुकलेला शॉट बोर्डवरून आला की दोन हातांनी खेचून घ्यायचा, कोपर बाहेर काढून, आणि लगेच पुन्हा वर. माझा मुलगा शेजारी बसला होता. तो म्हणाला, बाबा, हा त्या वर्षी देशात नंबर एक होता. पुढे बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

शिब्वेच्या गोष्टीतला कागदपत्रांचा भाग तर फारच कमी लोकांना माहीत असतो. 2021 पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून वगैरे कमवायची परवानगी आहे आणि 2025 पासून युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते. पण शिब्वे तेव्हा स्टुडंट व्हिसावर, त्याला अमेरिकेत असं काम करायची मुभा नव्हती. म्हणून केंटकीची टीम बहामाजला गेली तेव्हा त्याने तिथे शूटिंग उरकलं, कारण ती जमीन अमेरिकेची नाही! देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि शेजारच्या लॉकरमधल्या पोरांना जे सहज मिळतं ते याला दुसऱ्या देशात जाऊन करावं लागतं. तुमचा मुलगा एच-4 किंवा एल-2 वर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर येईल. त्याला पण कमाईची परवानगी नाही. स्कॉलरशिप घेऊ शकेल, खेळू शकेल, कमवू शकणार नाही. आणि एकविसाव्या वाढदिवसाला तो तुमच्या व्हिसातून बाहेर पडेल.

हे शेवटचं वाक्य परत वाचा ताई. आमच्या घरात ते घडलंय. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा-दहा वर्षांच्या वर जाते, मुलं तेवढ्यात मोठी होतात. माझा मुलगा इथे शाळा शिकला, इथे गाडी शिकला, इथल्या मित्रांसारखा बोलतो, आणि तिसऱ्या वर्षाला असताना त्याला नव्याने स्टुडंट व्हिसाची भानगड करावी लागली. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसने त्याचा फीचा कॉलमच बदलला, राज्याबाहेरच्यांची फी लावली. मी किती मेल लिहिले, किती टॅक्स रिटर्न जोडले, प्रत्येक वेळी उत्तर वेगळ्या माणसाचं आणि मजकूर तोच.

शाळेचं तर अजून डोक्यात जातं. आलो तेव्हा एक फॉर्म भरायला दिला, घरी कोणती भाषा बोलता. मराठी लिहिलं, खरं तेच लिहिणार ना. तर इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या, पुस्तकं फस्त करणाऱ्या पोराला भाषेच्या टेस्टला बसवलं आणि टेस्टचा निकाल येईपर्यंत रोज एक तास वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत. आठवीतलं पोर, नवी शाळा, सगळ्यांच्या देखत. वर बास्केटबॉलच्या ट्रायआउटसाठी, म्हणजे टीमच्या निवड चाचणीसाठी, डॉक्टरांचा फिटनेस फॉर्म लागतो, पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेला शाळेने नाकारला, इथला डॉक्टर इन्शुरन्स कार्डाशिवाय अपॉइंटमेंट देईना, कार्ड पोस्टात. ट्रायआउट होऊन गेले. जिमच्या दारावर निवडलेल्यांची यादी लावली होती आणि हा ती बाहेर उभं राहून वाचत होता, आपलं नाव नसणार हे माहीत असून वरपासून खालपर्यंत. त्या वर्षी ज्यांची टीम जमली ती पोरं पुढे एकत्रच वर गेली, उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीममध्ये पण तीच. इंडियानात ही पोरं दुसरी-तिसरीपासून एकमेकांना ओळखतात. माझा मुलगा पुढे ज्युनियर व्हर्सिटीपर्यंत, म्हणजे शाळेच्या दुय्यम टीमपर्यंत खेळला, शेवटच्या वर्षी मुख्य टीममध्ये नाही घेतला. त्याने त्यावरून आम्हाला कधी काही ऐकवलं नाही. त्याची आई म्हणते बोलला असता तर बरं झालं असतं, आणि मला पण तसंच वाटतं.

एकटेपणाचं तुम्ही खाली एका ओळीत विचारलंय. कमिन्स कंपनीमुळे कोलंबसात पुण्याची माणसं भरपूर आहेत, गणपती होतो, दिवाळी होते, चकलीच्या भाजणीपासून सगळं मिळतं. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. त्यापेक्षा जास्त काही नाही.

मला खरं वेगळंच सांगायचंय. कॉलेजचे हे स्टार शेवटी आपल्यासारखेच होतात, कामासाठी देश सोडणारे. फ्रेडेट शांघायला गेला, तिथे एका मॅचमध्ये त्याने 73 पॉइंट मारले, तिथे तो खरा स्टार झाला. टायलर हॅन्सब्रो, नॉर्थ कॅरोलायनाचा लाडका, पेसर्सकडे आणि इतर टीममध्ये मिळून सात सीझन खेळून चीनलाच गेला. इथल्याच पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स, 2019 च्या स्पर्धेत एका मॅचमध्ये 42 पॉइंट मारून सगळ्यांना वेड लावलं होतं त्याने, तो इस्तंबूल, म्युनिक, बोलोन्या असा फिरतोय. रॉबी हमेल, पर्ड्यूचाच, एकाच गुडघ्याचं लिगामेंट दोनदा फाटलं तरी स्पेन, रशिया करत राहिला. चांगलं कमावतात, मानाने खेळतात, याला मी अपयश अजिबात म्हणणार नाही. जी लीगमध्ये सीझनला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर मिळतात, त्यापेक्षा युरोप-चीन परवडतं. पण वर्षा-दोन वर्षांचा करार, परकी भाषा, क्लबने काढलं की बॅगा भरा, आईवडील व्हिडिओ कॉलवर. म्हणजे तुम्ही मुलाला घेऊन देश सोडणार, आणि सगळं अगदी तुमच्या मनासारखं झालं तर पंचविशीत तो परत देश सोडणार. हे त्याला आत्ता सांगा. चौदाचा आहे, कळतं त्याला.

आपल्याकडच्यांचं म्हणाल तर पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये डलासने 52 वा निवडला, सात फुटांच्या वर उंची, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत आलेला, तरी एनबीएची मॅच मिळाली नाही. पुण्याची शिरीन लिमये मात्र देशाची कॅप्टन झाली. मुलगा देशासाठी खेळू शकतो हे पण एक मोठं स्वप्न आहे, आणि त्याला एकविसाव्या वर्षाची टांगती तलवार नाही.

तरी यायचं ठरलं तर, आणि मला वाटतं तुमचं ठरलंच आहे, पगाराच्या आधी कंपनीला विचारा की ग्रीन कार्डची प्रोसेस कोणत्या महिन्यात सुरू करणार, आणि ते लेखी घ्या, कारण मुलगा चौदाचा आहे आणि तुमच्याकडे फक्त सात वर्षं आहेत. नोव्हेंबरात ट्रायआउट असतात, म्हणून जुलैत या, ऑक्टोबरात नको. लसींचं कार्ड इंग्रजीत टाइप करून डॉक्टरांचा शिक्का घ्या. फिटनेस फॉर्मसाठी इन्शुरन्सची वाट बघू नका, इथल्या वॉक-इन क्लिनिकमध्ये रोख पैसे देऊन तो मिळतो, आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आणि भाषेचा फॉर्म आला की सही करण्याआधी मला फोन करा, मी सोबत शाळेत येतो.