कोडिंग येत नसताना घरगुती व्यवसायाची वेबसाइट स्वतः बनवता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की कळव्यात घरून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकता, गिऱ्हाइकं सगळी व्हॉट्सअ‍ॅपवरची आहेत, वेबसाइटचे एकाने ३५ हजार सांगितले आणि तुम्हाला कोडिंगमधला ‘क’ही येत नाही. स्वतः जमेल का आणि सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न.

जमेल. पण पहिले पंधरा दिवस कॉम्प्युटर उघडू नका.

मी पेशाने अकाउंटंट. नौपाड्यात वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. त्याची वेबसाइट मी दोनदा बनवली. पहिली २०१६ साली, मोठ्या हौसेने. वर तीन फोटो आपोआप सरकायचे, खाली ‘आमच्याविषयी’ नावाचा लांबलचक मजकूर, त्यात ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ब्रीद’ वगैरे, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत दुकानाचं स्थापना वर्ष. वर्षभरात त्या साइटवरून एकच फोन आला. तो माणूस विचारत होता, ‘तुम्हाला वेबसाइट बनवून हवी आहे का?’

२०१९ मध्ये पुन्हा करायला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, “लोक फोनवर काय विचारतात ते आधी लिही की.” मग बिलबुकाच्या मागच्या पानावर पंधरा दिवस खुणा केल्या. कुणी काही विचारलं की एक रेघ. सगळ्यात जास्त रेघा पडल्या त्या ‘घोडबंदरला घरी येता का?’ या प्रश्नापुढे. मग ‘पायाचं मशीन मोटरवर करून मिळेल का, किती लागतील?’ मग ‘ओव्हरलॉक बघता का?’ आणि ‘सोमवारी उघडं असतं का?’ दुकान कोणत्या सालचं हे पंधरा दिवसांत एकानेही विचारलं नाही.

साइटचा आराखडा म्हणतात तो एवढाच. तुमच्या वहीत काय येईल याचा अंदाज मी करू शकतो: भाजणी थालीपिठाची की चकलीची, उपासाची मिळते का, मसाल्यात कांदा-लसूण आहे का, किती दिवस टिकतं, अर्धा किलो देता का, घोडबंदरला पोचवता का, मुलगा परदेशी चाललाय तर घट्ट पॅकिंग करून द्याल का. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, खरंच पंधरा दिवस लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने संदेश चाळलेत तर निम्मी वही तिथेच भरेल. जे प्रश्न सारखे येतात तेच शब्द मथळे म्हणून घ्यायचे आणि खाली दोन ओळींत उत्तर. ‘दर्जेदार उत्पादने’ असा मथळा कुणी शोधत नाही. ‘चकलीची भाजणी’ शोधतात.

मग एक कागद मोबाइलच्या आकाराचा कापा आणि त्यावर पेन्सिलीने पहिलं पान काढा. बोटाने वर सरकवायच्या आधी दिसलं पाहिजे ते चारच गोष्टींत: काय मिळतं, कुठे मिळतं, भाव काय, मागवायचं कसं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर खाली टाका, खाण्याच्या वस्तू म्हटल्या की लोक तो बघतात. भाव लिहायला बरेच जण कचरतात. माझं मत विचाराल तर भाव लिहाच. नाहीतर प्रत्येक जण फक्त भाव विचारायला फोन करेल आणि भाजणी भाजताना तुम्ही फोन घेत बसाल.

आता पत्त्याचं सांगतो, कारण इथेच माझं नुकसान झालं. वेबसाइटला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. डोमेन म्हणजे पत्ता, आणि होस्टिंग म्हणजे ज्या जागेत साइट राहते ती भाड्याची जागा. पहिल्या वेळी ओळखीतल्या एका मुलाने दोन्ही करून दिलं, आणि डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढे त्याने नंबर बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या त्या जुन्या ईमेलवर पडत राहिल्या आणि एक दिवस पत्ता मुदत संपून गेला. दुकानाच्या पिशव्यांवर तो छापलेला होता. अजून शंभरेक पिशव्या पोटमाळ्यावर आहेत.

म्हणून डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ काहीही चालेल. पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर बघा, तो बहुतेक ठिकाणी बराच जास्त असतो. मराठी अक्षरांतला ‘डॉट भारत’ पत्ताही २०१४ पासून मिळतो. वाचायला गोड वाटतो, पण फोनवर सांगताना आणि पाकिटावर छापताना लोक गोंधळतात, म्हणून मी तो घेतला नाही. नाव छोटं ठेवा आणि रिक्षात बसून एकदा मोठ्याने सांगून बघा. समोरच्याने स्पेलिंग विचारलं तर दुसरं नाव शोधा.

साइट कशावर बनवायची? सगळे वर्डप्रेस म्हणतील, म्हणजे साइट बनवायचं एक सॉफ्टवेअर. २००३ पासून आहे, जगातल्या दर दहा साइटींपैकी चारांहून जास्त त्यावर चालतात, आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. पण ते शिलाई मशीनसारखं आहे, तेल घालत राहावं लागतं. अपडेट केले नाहीत, नको ती प्लगिनं, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, भरली, की कुणीतरी आत शिरून जुगाराच्या जाहिराती लावतो. तुमची पाच पानांची साइट असेल तर माझ्या मते गूगल साइट्सवर सुरुवात करा. पैसे लागत नाहीत, कोडिंग लागत नाही, आणि आपलं डोमेन त्याला जोडता येतं. दिसायला जरा साधी असते, असू दे. पुढे धंदा वाढला तर वर्डप्रेसवर जा. पत्ता तुमच्या हातात असला की घर बदलता येतं. आणि साइट सुरक्षित असल्याच्या खुणेसाठी, म्हणजे पत्त्याआधीच्या एचटीटीपीएससाठी, कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा सेवा त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र २०१५च्या अखेरीपासून फुकट देते, आणि गूगल साइट्सवर ते आपोआपच मिळतं.

ऑनलाइन पैसे घेणारं दुकान, कार्ट वगैरे आता नकोच. प्रत्येक वस्तूखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्या, ज्यात संदेश आधीच लिहिलेला येतो: ‘मला चकलीची भाजणी अर्धा किलो हवी आहे.’ धंद्याचा नंबर घरच्यापेक्षा वेगळा ठेवा.

मराठी मजकुराची एक भानगड आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. पत्रक छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे तुमचा मजकूर असेल तर तो बहुधा जुन्या फॉन्टमध्ये असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, नसतो. मी तो जसाच्या तसा चिकटवला आणि पानावर इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली. मग आमच्या डीटीपीवाल्याने उपाय म्हणून पूर्ण पत्रकाचा फोटोच साइटवर लावून दिला. दिसायला झकास, पण गूगलला त्यातलं काही धड सापडत नव्हतं, नंबर दाबला तरी फोन लागत नव्हता, आणि मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी. तपासायची युक्ती सोपी: एक शब्द कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मराठीच दिसला तर ठीक. नाहीतर सरळ मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करा, दोन तासांचं काम आहे. फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट आहेत.

फोटोंचंही तसंच. तेव्हा मी डोंबिवलीला नोकरीला होतो आणि फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. ठाणं सुटलं की पान उघडायचं आणि बोगदा यायच्या आत पूर्ण दिसतंय का बघायचं, ही माझी परीक्षा. पहिले चार दिवस नापास. कारण पहिल्याच पानावर मोबाइलने काढलेला पाच एमबीचा फोटो होता. स्क्वूश नावाचं गूगलचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १२०० पिक्सेल करून फोटो वेबपी या हलक्या प्रकारात घेतला की दोनशे केबीच्या आत बसतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. गूगलच्या हिशोबात पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर ते चांगलं. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच साधनात पत्ता टाकलात की तुमचा आकडा कळतो. पण शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागून रात्री जागवू नका, मी जागवल्या आहेत.

साइट झाली की लगेच कौतुकासाठी नातेवाइकांना पाठवू नका. शेजारच्या एखाद्या काकूंच्या हातात फोन द्या, “यावरून अर्धा किलो भाजणी मागवा” म्हणा आणि तोंड बंद ठेवून मागे उभ्या राहा. हे फार अवघड जातं. माझ्या मावशीने आमच्या साइटवर दुकानाच्या पत्त्यावर पाच-सहा वेळा बोट दाबलं, तिला वाटलं नकाशा उघडेल. त्या रात्री मी पत्त्याला नकाशाची लिंक दिली. अशी तीन माणसं पुरे.

साइटइतकंच, खरं तर तिच्याआधी, गूगलवर बिझनेस प्रोफाइल बनवा, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद. फुकट आहे. घरून काम करता तेव्हा घरचा पत्ता लपवून फक्त कळवा, ठाणे असा सेवेचा भाग दाखवता येतो, ही सोय आहे ती वापरा. मग सर्च कन्सोलला साइट जोडा, तेही फुकट. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक ‘शिलाई मशीन रिपेअर ठाणे’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून येत होते आणि आमच्या पानाचं शीर्षक होतं नुसतं ‘होम’! ते बदलून ‘शिलाई मशीन दुरुस्ती, नौपाडा, ठाणे’ केलं, खाली एक ओळ इंग्रजी अक्षरांतही घातली. महिन्या-दीड महिन्याने फोन वाढले.

३५ हजारवाला माणूस फसवतोय असं मी म्हणणार नाही, मेहनतीचे पैसे असतात. त्याच्याकडून करून घ्यायचंच ठरवलंत तर एवढं विचारा: डोमेन कुणाच्या नावावर, दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी किती, आणि डाळींचे भाव वाढले तर भाजणीचा भाव मला स्वतःला बदलता येईल का. तिसऱ्याचं उत्तर ‘आम्हाला कळवा, आम्ही करू’ असं आलं तर दिवाळीच्या आठवड्यात काय होईल याचा विचार करा.

आमची वही अजून चालू आहे. सोमवारचा प्रश्न साइटवर लिहिल्यापासून जवळपास बंद झाला. गेल्या महिन्यात नव्याच रेघा वाढल्या: ‘गाडी लावायला जागा आहे का?’ नाही. म्हणून परवा पत्त्याखाली एक ओळ घातली: ‘दुकानासमोर गाडी उभी राहत नाही. पोचण्याआधी फोन करा, मशीन उतरवून घ्यायला माणूस कोपऱ्यावर येतो.’