धुळे जिल्ह्यात साक्रीकडे एवढं सोलर आणि पवनचक्क्या आहेत, मग ती वीज रात्रीसाठी साठवता येत नाही का?

येते, पण साठवण स्वस्त नाही. तिथल्या शिवाजीनगर गावचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प दिवस मावळला की थंड. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात, एरवी वाऱ्याच्या मर्जीवर. संध्याकाळच्या दोन-चार तासांना लिथियम बॅटरी ठीक. पण जळगावच्या ४५ अंशांत तिला गार ठेवायलाही वीज लागते, हे विकणारे सांगत नाहीत.

मोठ्या साठ्यासाठी माझं मत उदंचनाला: जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, गरज पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. १०० युनिट घातले तर साधारण ७५-८० परत मिळतात. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे.

शेतपंपाला मात्र बॅटरी कशाला? केळीचं ठिबक दिवसा उन्हातच चालवा.