नंदीचा कान कोणी तोडला?

ताई, आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मुले लाकडी बैल ओढतात त्या तान्ह्या पोळ्याला आमच्या वस्तीत नंदी सजावट आणि वेशभूषा अशी स्पर्धा होती. मी तीन रात्री जागून जरीची झूल, मण्यांच्या माळा आणि बाशिंग तयार केले. नंदी आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा, सागवानी आहे. एरवी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून सज्ज्यावर ठेवलेला असतो. (एक कान ह्यांच्या लहानपणीच तुटला आहे, म्हणून बाशिंग जरा मोठे करावे लागले.) मुलाला धोतर, फेटा, काजळाची मिशी असे सगळे केले होते आणि चार ओळींची झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, पाठ करून घेतली होती. परीक्षकांसमोर त्याने तोंडातून शब्द काढला नाही, बाशिंग ओरबाडून फेकले आणि नंदी ओढत मंडपाबाहेर चिखलात पळाला. एक चाक निघाले. सगळे हसले, हेसुद्धा. मी त्याला तसेच घरी आणले. सासूबाई म्हणतात, लाडाने बिघडला. त्याला सभाधीटपणाच्या वर्गाला घालावे का?
– एक आई, नागपूर

तुमच्या पत्रातील झूल, माळा आणि फेटा मी बाजूला ठेवते, कारण तुम्ही कंसात टाकलेले एक वाक्य मला त्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. नंदीचा कान यजमानांच्या लहानपणी तुटला, असे तुम्ही लिहिता आणि लगेच बाशिंगाच्या मापाकडे वळता. सागवानाचा कान आपोआप तुटत नाही. त्यासाठी नंदी पायऱ्यांवरून गडगडत खाली यावा लागतो, अंगणातील फरशीवर आपटावा लागतो किंवा शेजारच्या मुलाच्या नंदीशी त्याची झुंज लावावी लागते. म्हणजे तुमच्या घरात एक मुलगा या नंदीशी मनसोक्त खेळलेला आहे, आणि तोच त्या संध्याकाळी मंडपात उभा राहून हसत होता. त्या हसण्याचा तुम्हाला राग आलेला दिसतो. माझ्या मते मंडपात काय चालले आहे हे तेवढ्या एका माणसाला कळले होते.

आता मुलाच्या बाजूने पाहा. घरात एक बैल आहे, त्याला चाके आहेत, गळ्यात दोरी बांधता येते, आणि वर्षभर तो हात पोचणार नाही अशा जागी प्लास्टिकमध्ये बसलेला असतो. पोळा आला तसा तो खाली उतरला, पण तीन रात्री राहिला आईच्या मांडीवर. ‘हात लावू नकोस, मणी सुटतील’ हे वाक्य पत्रात कोठेही नाही, तरी ते मला स्वच्छ ऐकू येते. अखेर दोरी त्याच्या हातात आली ती थेट मंडपात, आणि त्याच क्षणी टेबलामागच्या अनोळखी माणसांनी त्याच्याकडून झडतीची अपेक्षा केली. बैल हाती आहे, पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही आणि समोर मोकळे मैदान आहे, अशा वेळी शहाण्या मुलाने जे करावे तेच त्याने केले. चिखलाचे म्हणाल, तर बैल चिखलात जायचा नाही तर कोठे जायचा?

तान्हा पोळा भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 मध्ये सुरू केला, असे नागपुरात सांगितले जाते. खरे बैल मुलांच्या हाती देता येत नाहीत, म्हणून मोठ्यांचा पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना लाकडाचे बैल मिळाले. ही सोय मुलांसाठी होती, आयांच्या भरतकामासाठी नव्हती. मोठ्यांच्या पोळ्यात तरी काय करतात? आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्याला आमंत्रण देतात, आणि वर्षभर राबलेल्या त्या जिवाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवत नाहीत. तुमच्या घरी सगळे उलटे झाले आहे: नंदी वर्षभर विश्रांती घेतो आणि वर्षातून एकदा कामाला जुंपला जातो, तेही परीक्षकांपुढे. झडत्यांचीही तीच गत आहे. तोरणाखाली बैल उभे असताना मोठी माणसे एकमेकांना डिवचण्यासाठी मोठ्या आवाजात झडत्या म्हणतात. त्यांतली गंमत ना त्या मुलाला कळणार, ना पाठ केलेली झडती त्याच्याकडून ऐकून परीक्षकांना येणार.

सभाधीटपणाच्या वर्गाची फी वाचवा. भर मंडपात, एवढ्या लोकांसमोर, स्वतःला हवे ते करून दाखवणाऱ्या मुलाकडे धिटाईची टंचाई नाही.

सासूबाईंचे मत मात्र मला जरा तपासून घ्यावेसे वाटते, कारण या प्रकरणात त्या साक्षीदार आहेत. कान तुटला त्या दिवशी त्या घरातच असणार. तो कसा तुटला, कोणाच्या हातून तुटला आणि तुटल्यावर त्यांनी त्या मुलाला किती रागावले, हे त्यांना चहाच्या वेळी सहज विचारा, आणि प्रश्न विचारताना यजमान समोर असू द्या. लाडाने बिघडलेल्या मुलांविषयी त्यांचे मत उत्तर देता देता बरेच सौम्य होईल, असा माझा अंदाज आहे.

आणि आज संध्याकाळी नंदी खाली उतरवा. चिखल धुऊन, पुसून, पुन्हा त्याच प्लास्टिकमध्ये बांधून तुम्ही तो वर ठेवून दिला असेल, हे मी धरूनच चालते. चाक बसवण्याचे काम यजमानांचे, खिळे धरून बसण्याचे मुलाचे. गळ्यात साधी सुतळी बांधा. झूल, माळा आणि बाशिंग आवरून ठेवा, आणि नंदी त्याचा आहे असे त्याला एकदा सांगून मोकळ्या व्हा. तो जिन्यावरून घसरेल, खाटेखाली अडकेल, कदाचित त्याच्यासोबत पलंगावर झोपेल. दुसरा कान तुटला तर तुटू द्या. आजेसासऱ्यांची आठवण जपायची आहे, हे मला कळते. पण त्यांनी तो सज्ज्यासाठी आणला नसणार.

तुमच्या पत्रातील ‘मी त्याला तसेच घरी आणले’ हे वाक्य वाचून मात्र मी खरोखर हळहळले. याचा अर्थ त्याला बोजारा मिळाला नाही. वस्तीतली सगळी मुले नंदी घेऊन दारोदार गेली, नाणी आणि खाऊ घेऊन आली, आणि तुमचा शेतकरी घरात हात-पाय धूत बसला. हे आजही भरून काढता येते, कारण साडेचार वर्षांच्या माणसाला पंचांग वाचता येत नाही. शेजारच्या दोन-तीन घरी आधी सांगून ठेवा, हवी तर नाणीही तुम्हीच पोचती करा, आणि चाक बसले की त्याला नंदीसह घेऊन जा. दारात उभा राहून तो काहीच बोलला नाही, तरी त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका, बोजारा मिळतोच.