फुल मॅरेथॉन, शिफ्टची नोकरी आणि घर : उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बस

भावा, तुझा प्रश्न सकाळीच वाचला होता, पण घाईत दोन ओळी टाकायचं जीवावर आलं म्हणून आत्ता जेवणं आटपून लिहायला बसलेय. तू लिहिलंयस ते थोडक्यात असं, की जानेवारीत मुंबईला पहिली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची, पळायचीय, दोन हाफ, म्हणजे २१ च्या, आधी झाल्यात, नेटवरनं आठवड्याला पाच रनचा अठरा आठवड्यांचा प्लॅन उतरवून घेतलायस, आपल्या कोल्हापुरातच एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, सोमवारी सुट्टी, बायको पण नोकरीवाली, घरात तीन वर्षांची पोरगी. आणि आता अवस्था अशी की पळताना घरचं डोक्यात आणि घरात उद्याचा रन डोक्यात. लोक म्हणतात त्या क्षणात जगा, ते जमवायचं कसं, का फुलच सोडून देऊ, असं विचारलंयस.

फुल सोडू नकोस. प्लॅन सोड.

तो पाच रनचा प्लॅन ज्यानं लिहिलाय त्याच्या डोळ्यासमोर रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणारा माणूस नव्हता, आणि शिरोलीकडनं येताना पुलावर अडकणारा तर नव्हताच. पहिली फुल धड पुरी करायची एवढंच ठरवलंयस आणि हाफचा पाया आहे, तर आठवड्याला तीन रन पुरतात. एक छोटा पण जोराचा, म्हणजे शिवाजी युनिव्हर्सिटीच्या चढावर किंवा सपाटीवर टेंपो, म्हणजे जोरात पण एकसारख्या चालीनं, सगळा मिळून पाऊण तास. एक निवांत, तासाभराचा. आणि एक लाँग रन, आठवड्यातला सगळ्यात लांबचा. बाकी दोन दिवस घरातच वीस-वीस मिनिटं पायाचं काम, त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही, बैठका आपल्या गावाला कोणी शिकवायच्या काय, कुठल्याही तालमीत जाऊन विचार. लाँग रन दर आठवड्याला दोन किलोमीटरनं वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा, आणि ३० ते ३२ किलोमीटरच्या पुढं किंवा साडेतीन तासांच्या पुढं जायचंच नाही. त्यापुढं फायदा थोडा आणि मोडतोड जास्त. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत आणायचं.

आता तुझा खरा प्रश्न, डोकं दोन्हीकडं असण्याचा. माझं स्पष्ट मत सांगते, पटलं तर घे. डोकं घरी नसतं कारण रन ठरलेला नसतो. "जमलं तर उद्या सकाळी जातो, नाहीतर संध्याकाळी बघू" हे जे असतं ना, ते दिवसभर चालू राहतं, पोरीला भरवताना चालू, टीव्ही बघताना चालू, बायको काहीतरी सांगत असते आणि तू हूं हूं करत मनात हिशोब घालत असतोस की आता सहाला निघालो तर आठ किलोमीटर होतील का. एकदा का रन ठरला, वार ठरला, वेळ ठरली आणि फ्रीजवरच्या कॅलेंडरवर घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लिहिला, की त्याचं चिंतन करायचं काही उरतच नाही. मंगळवारचा रन मंगळवारी. बुधवारी रन नाही म्हणजे नाही, मग बुधवारी संध्याकाळी पोरीला रंकाळ्यावर न्यायचं आणि भेळ खायची, आणि चौपाटीवरनं कोण कुठल्या पेसनं, म्हणजे किती वेगानं, चाललंय ते मोजत बसायचं नाही. यात अध्यात्म वगैरे काही नाही.

शिफ्ट बदलती असल्यानं वार कायमचे ठरत नाहीत हे मला कळतं. मग दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचं ठरवा, दोघांनी मिळून, दहा मिनिटांचं काम आहे. आधी तिच्या ड्युट्या, पोरीचं लसीकरण, कुणाचं लग्न, गॅलरीचा प्लंबर, जे काय असेल ते लिहायचं आणि मग उरलेल्या जागेत तुझे तीन रन. उलटं केलंस की भांडण ठरलेलं. नाइटच्या आठवड्यात जोराचा रन टाकूच नको, नाइटवरनं येऊन बूट घालणं हा तर मूर्खपणा. शरीराला हा कामाचा ताण आणि हा पळण्याचा ताण असं वेगळं कळत नाही, सगळं एकाच खात्यात जमा होतं आणि ते खातं झोपेनंच रिकामं होतं. आधी झोप, मग जमलं तर निवांत रन.

लाँग रन सोमवारी कर. मला माहितेय सगळे ग्रुप रविवारी पळतात आणि एकटं लांब पळायला कंटाळा येतो, पण बघ, सोमवारी तुला सुट्टी, बायको कामावर, पोरगी प्लेग्रुपला. तू पहाटे निघून नऊला घरात. उठवायची आणि सोडायची तयारी त्या दिवशी बायकोकडं, आणायची आणि दुपारचं सगळं तुझ्याकडं. रविवारी शिफ्ट सोडून उरलेला वेळ मग पूर्ण घरचा. महिन्यातनं एखाद्या रविवारी ग्रुपबरोबर जा, तेवढं बास.

ग्रुपचा विषय निघालाच आहे तर सांगते, मला राग येईल इतकं हे बघितलंय. रन दीड तासाचा असतो आणि नंतरचा कार्यक्रम साडेतीन तासांचा. स्ट्रेचिंग करत गप्पा, मग फोटो, मग मिसळ, मग परत कट आणि पाव, मग चहा, मग कुणाची तरी नवी बुटं बघायची, आणि घरी येऊन सोफ्यावर पडून स्ट्राव्हा या रन नोंदवायच्या अ‍ॅपवर सगळ्यांना लाइक. साडेपाचला गेलेला माणूस साडेदहाला घरात येतो आणि म्हणतो मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमुळं वेळच मिळत नाही. मिसळीशी माझं वैर नाही, पण त्या पाच तासांतलं ट्रेनिंग किती ते एकदा खरं खरं मोजून बघ. तुझी बायको चिडते ती त्या दीड तासावर चिडत नसणार. आणि बाई म्हणून एक सांगते, आमच्याकडं पळायला जाणाऱ्या बायका चारला उठून कणीक मळून, डबे भरून, गॅसवर कुकरची तयारी ठेवून बाहेर पडतात आणि परत आल्यावर बूट काढायच्या आधी दूध बघतात. तुम्ही लोक परत आल्यावर "लाइट नाश्ता काय आहे" विचारता. यावर जास्त बोलत नाही. फक्त बायकोला पण आठवड्यातल्या दोन सकाळी मोकळ्या दे, ती पळू दे नाहीतर झोपू दे, तो तिचा प्रश्न.

आता पळतानाचं. निवांत रन हा खरंच निवांत असला पाहिजे, इतका की सोबत कुणी असेल तर पूर्ण वाक्यात बोलता यावं, धाप लागून तुटक तुटक नाही. बहुतेक किलोमीटर याच चालीचे असावेत, कारण स्नायूंतलं रक्ताभिसरण, चरबी जाळून चालायची सवय, सांध्यांचा टिकाऊपणा हे सगळं हळू पळूनच तयार होतं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जोरात पळालं तर दीड-दोन तासांत संपायला येतं, आणि तीस किलोमीटरच्या पुढं लोक भिंतीला धडकल्यासारखे थांबतात ते त्यामुळंच. शिकलेले पण हे ऐकत नाहीत, कारण घड्याळ सारखं सांगत असतं की तू हळू चाललायस. म्हणून मी निवांत रनला घड्याळावर बाही ओढून घेते. रेकॉर्ड व्हायचं ते होऊ दे, बघायचं नाही, आणि अपलोड दुसऱ्या दिवशी. कानात काही घालत नाही. युनिव्हर्सिटीत पहाटे मोर ओरडतात, नोव्हेंबरात गुऱ्हाळाच्या बाजूनं गेलास तर काहिलीतल्या उसाच्या रसाचा वास लांबनं येतो, आणि तू त्या वेळी पाचव्या किलोमीटरचा पेस बघत असशील तर मग क्षणात जगायचं कसं हे मला कशाला विचारतोस?

कान मोकळे ठेवायचं दुसरं कारण साधं जिवाचं आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याच जणांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि तुझे सगळ्यात लांब रन नेमके त्याच महिन्यांत येणार. चमकणारं जॅकेट घाल, समोरनं येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून पळ, आणि उजेड व्हायच्या आधीचे किलोमीटर युनिव्हर्सिटीच्या आत काढ. जोतिबाच्या चढाची हौस उजाडल्यावर.

सणांचं आधीच ठरवून टाक. मुंबईची फुल जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, तिथनं अठरा आठवडे मागं मोजलास तर सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे नवरात्र, दसरा, दिवाळी सगळं तुझ्या प्लॅनच्या पोटात. ललितापंचमीला टेंबलाईच्या देवळाला गर्दी असणार, त्या अंगाला पळायला जाऊच नको, पोरीला खांद्यावर घेऊन यात्रेलाच जा. आणि नरकचतुर्दशीला पहाटे घरात सगळे उटणं लावून बसलेत, पोरगी फुलबाजी धरून उभी आहे आणि बाबा लाँग रनला, असलं करू नको. तो दिवस प्लॅनमध्ये कोराच ठेव. भाऊबीजेचा पण. बुडाला असं वाटायलाच नको, मुळात नव्हताच.

आणि खरोखर बुडालेला रन? गेला. तो दुसऱ्या दिवशी जोडून भरून काढायचा नाही. पोरगी तापानं फणफणली आणि आठवडाभर पळालाच नाहीस तरी तुझा दम काही कुठं पळून जात नाही, दोन आठवड्यांच्या आसपास बंद राहिलं की मग उतार जाणवायला लागतो. लोक उगाच घाबरतात आणि दोन दिवसांचं एका दिवसात पळून नडगी दुखवून घेतात, मग महिनाभर बसतात.

कुणीतरी तुला सांगितलंय म्हणे की फुल करायची तर सहा महिने बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतं. त्याला विचार, एमिल झाटोपेक हा चेक धावपटू माहिती आहे का. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे ज्यात आपल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं त्याच, या माणसानं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन तिन्ही सोनं जिंकलं, आणि ती त्याची पहिलीच मॅरेथॉन होती. नोकरी सैन्यातली. असं सांगतात की घरचे कपडे धुवायचे असले की हा टबात कपडे टाकून त्यावर जागच्या जागी पळायचा. आता तू टब आणायला जाऊ नको, पण घरातलं काम आणि पळणं एकमेकांचे दुश्मन आहेत हे कुणी ठरवलं? पोरीला सायकल शिकवायची असेल तर तिच्या मागनं पळ ना. तो रन कुठं नोंदवू नकोस म्हणजे झालं.

घरात रनिंगवर बोलायचं किती यालाही मर्यादा घाल. आमच्याकडं जेवायच्या ताटावर गुडघा, जेल (पळताना खायची गोड पेस्ट), बूट हे शब्द बंद आहेत, हा नियम माझ्या नवऱ्यानं केलाय आणि तो बरोबर आहे. तसंच "रेस झाली की बघू" हे बंद कर. पोरीचं दात दुखणं, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं, बायकोबरोबर कधीतरी पन्हाळ्याला जाऊन झुणका भाकर खायची, हे सगळं जानेवारीनंतरवर ढकललंस तर जानेवारीनंतर दुसरी रेस असतेच, मला एकही पळणारा माहीत नाही ज्याची नसते.

खाण्याचं एकच. लाँग रनच्या आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा नको, त्याचा हिशोब वाटेतच चुकता करावा लागतो. वरणभात, भाकरी, केळं, आणि पळताना खिशात गूळ किंवा चिक्की. जेल घेणारच असशील तर ते पण आधी लाँग रनला घेऊन बघ, रेसला पहिल्यांदा काहीही नको. मुंबईची हवा दमट असते आणि शेवटच्या टप्प्यात परतताना पेडर रोडचा चढ येतो, तेव्हा घाम आणि मीठ यांचा अंदाज इथंच घेऊन ठेव, नोव्हेंबरात एखादा लाँग रन मुद्दाम उशिरा, ऊन चढल्यावर काढ.

राहिला तो शेवटचा प्रश्न, मुंबईला घरच्यांना न्यायचं का. ने, पण पहाटेच्या अंधारात स्टार्टला उभं करायला नाही. त्यांना झोपू दे, फिनिशजवळ नऊ-साडेनऊला येऊ दे. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच जाऊन एक्स्पोत, म्हणजे रेसच्या आधीच्या प्रदर्शनात, घ्यावा लागतो, त्यामुळं शुक्रवारच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघून शनिवारी तिथल्या रांगेत पाय दमवण्यापेक्षा गुरुवारी रात्री निघा, शुक्रवारी बिब घे, शनिवारी थोडं समुद्रावर जा आणि दुपारी झोप. शुक्रवार ते रविवार तीन दिवसांची रजा लागेल, ती आत्ताच टाकून ठेव. आणि तिकिटाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरातच, तेव्हा ती तारीख पण त्या फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिही. परतीचं सोमवारचं काढ, आणि तुझ्यासाठी लोअर बर्थ माग, रेसनंतर वरच्या बर्थवर चढायला तुला दोन माणसं लागतील.