हाताने स्केलिंग (दातांवरचे कीटण, म्हणजे कडक थर, खरवडून काढणे) करण्यासाठी जाड मुठीचा स्केलर घ्यावा की बारीक?

नाशिकमध्ये दंतवैद्यकाचे शिक्षण घेताना दिवसभराच्या स्केलिंगनंतर अंगठा आणि मनगट दुखते, म्हणून आपण हे विचारले आहे. जाड पण हलका स्केलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे 10 मिलिमीटर व्यासाची मूठ आणि 15 ग्रॅम किंवा त्याहून कमी वजन असेल तर चिमटीला कमी जोर लागतो. बारीक, गुळगुळीत दांडी मात्र ओल्या हातमोज्यातून निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात आणि तो ताण मनगटापर्यंत पोहोचतो. पोकळ दांडी आणि खडबडीत पृष्ठभाग म्हणूनच उपयोगी ठरतात. धार बोथट असेल तर मात्र उत्तम मूठही वाया जाते, कारण कीटण निघण्यासाठी पुन्हा पुन्हा दाबून ओढावे लागते. त्यामुळे धार लावण्याचा दगड जवळ ठेवावा, आणि खरेदीपूर्वी स्केलर हातमोजा घालूनच धरून पाहावा.